फ्रान्समध्ये प्रायव्हेट कुकिंग क्लास करायचाय, सोबत अंडंही न खाणाऱ्या सासूबाई आहेत – पॅरिस, लिऑं की नीस?

गौरी_नाशिक

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही फ्रान्सला निघतोय, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. व्हिसा झालाय, विमानाची तिकिटं झालीत, पॅरिसचं हॉटेल बुक आहे, पण जूनच्या पहिल्या आठवड्यातले दिवस मी मुद्दाम मोकळे ठेवलेत कारण या ट्रिपमध्ये मला सगळ्यात जास्त ओढ कशाची असेल तर ती एका प्रायव्हेट कुकिंग क्लासची. म्हणजे पंधरा-वीस टुरिस्ट एका ओट्याभोवती उभे करून दाखवतात तसला नको. फक्त आम्ही चौघं, सकाळी शिकवणाऱ्यांबरोबर बाजारात जायचं, ते भाजी कशी निवडतात ते बघायचं, मग त्यांच्या स्वयंपाकघरात आपल्या हाताने करायचं आणि तिथेच बसून जेवायचं. आयफेल टॉवर, म्युझियम सगळं बघणारच आहोत पण एखाद्या घरात काय शिजतं, कसं शिजतं हे बघितल्याशिवाय तो देश बघितला असं मला वाटतच नाही.

आता अडचण. मी आणि नवरा अंडं खातो पण मांस-मासे नाही. मुलगी सगळं खाते. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, दूध-तूप-लोणी चालतं. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत पण हाताला चव अशी की आमच्याकडे लग्नाकार्यात अजून त्यांना विचारून मीठ-मसाला ठरतो, आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की मी खुर्चीत बसून बघणार नाही, मलाही करायचंय. मला तर याचाच जास्त आनंद झालाय.

पण ज्याला विचारावं तो म्हणतो की फ्रेंच जेवण म्हणजे अंडी, मांस आणि वाईन, शाकाहाऱ्यांनी तिथे क्लास करून काय मिळणार. मला हे पटत नाही. कोणी केलाय का असा क्लास? कुठल्या गावात करावा, शिकवणाऱ्यांना आधी काय काय विचारावं, खर्चाचा अंदाज काय, आणि फ्रेंच येत नसेल तर निभतं का? सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

तुलूजवासी

गौरीताई, बरीच वर्षं तुलूजला आहे, इथे विमानांच्या कारखान्यांमुळे आपली मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत आणि प्रत्येकाकडे आई-बाबा आले की हाच प्रश्न पडतो, त्यामुळे मनापासून लिहितोय. माझं मत विचाराल तर क्लास पॅरिसला नाही आणि लिऑंलाही नाही, नीसला करा.

कारण सांगतो. लिऑंला फ्रेंच खाण्याची राजधानी म्हणतात ते खरंच आहे, पण तिथल्या पारंपरिक खानावळी, ज्यांना बुशॉं म्हणतात, त्यांचा सगळा जीव डुकराच्या मांसात, आतड्यात आणि यकृतात आहे. तिथल्या आचाऱ्याला शाकाहारी मेनू मागितला तर तो बिचारा देईल काहीतरी, पण ते त्याचं रोजचं नसणार. नीसचं तसं नाही. नीस १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होतं, फ्रान्समध्ये कायमचं आलं ते त्यानंतरच, आणि पाठीमागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये ऑलिव्हच्या बागा, त्यामुळे तिथल्या गरीब घरांचं जेवण भाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्हच्या तेलावर उभं राहिलं. लोण्यापेक्षा तेल जास्त. म्हणजे तिथल्या बाईला तुम्ही 'मांस नको, अंडं नको' म्हणालात तर तिला स्वतःचा मेनू मोडावा लागत नाही, तिच्या आजीने केलेल्या पदार्थांतूनच ती निवडू शकते. हा फरक फार मोठा आहे.

उदाहरणार्थ सोका. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑईल, मीठ, बास. २५० ग्राम पिठाला अर्धा लिटर पाणी, दोन-तीन चमचे तेल, पीठ तास-दोन तास मुरू द्यायचं आणि मग कडकडीत तापलेल्या तव्यात पातळ ओतून जितक्या जास्त आचेवर भाजता येईल तितकं भाजायचं. नीसच्या जुन्या गावात लाकडाच्या भट्टीत कल्हईच्या तांब्याच्या मोठाल्या परातींत भाजतात, कडा काळपट कुरकुरीत, मधे मऊ, वरून फक्त भरपूर मिरपूड. सासूबाईंना त्यात हात घालायला आवडेल बघा. दुसरं सूप ओ पिस्तू, शेंगा, झुकिनी, बटाटा, बारीक पास्ता यांचं दाट सूप आणि शेवटी त्यात खलबत्त्यात कुटलेली बेसिल, लसूण आणि तेल. यात चीजही कुटतात, ते वेगळं काढायला सांगा. झुकिनीची फुलं पिठात बुडवून तळतात, पिठात बरेच जण अंडं घालतात पण सोड्याच्या पाण्यात भिजवून अंड्याशिवायही उत्तम होतात.

राताटुईचा, म्हणजे टोमॅटो-वांगी घालून करतात त्या मिश्र भाजीचा, मात्र हट्ट धरू नका. जूनच्या सुरुवातीला टोमॅटो-वांगी मिळतात हो, पण त्यांची खरी चव जुलै-ऑगस्टमधली. तुम्ही जाताय तेव्हा वसंतातला माल संपत आलेला आणि उन्हाळ्याचा सुरू होत असलेला असतो, म्हणजे अ‍ॅस्परॅगस, कोवळे मटार, फावा बीन्स, छोटे जांभळे आर्टिचोक. हे आर्टिचोक तिथे कच्चेच पातळ चिरून लिंबू-तेल घालून खातात. शिकवणाऱ्यांना सरळ सांगा की त्या आठवड्यात बाजारात जे चांगलं असेल ते करू, त्यांचा चेहरा खुलतो.

बाजार म्हणजे कूर सालेया, जुन्या गावातला. सकाळी लवकर जा, दुपारी दीडच्या सुमारास आवरायला लागतात. सोमवारी तिथे भाजी नसते, जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार असतो, म्हणून सोमवार सोडूनच क्लास ठरवा. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, सहा तासांच्या आसपास लागतात, तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे झालं, असं समजणारे लोक अजून आहेत, मासे चालतात असंही काहींना वाटतं. सुपात कोंबडीचा किंवा गाईच्या हाडांचा स्टॉक, भाजीत बेकनचे बारीक तुकडे, तापनाड नावाच्या ऑलिव्हच्या वाटणामध्ये आणि पिसालादिएर नावाच्या कांद्याच्या टार्टमध्ये अँचोव्ही मासा, गोडात जिलेटिन, हे सगळं त्यांच्या डोक्यात 'पदार्थ' म्हणून येतच नाही, ते चवीला घातलेलं असतं. म्हणून एकेक नाव घेऊन लिहा. चीजचंही तसंच, कोंते किंवा पार्मेझानसारख्या चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, सासूबाईंना ते चालतं का हे आधी घरी विचारून घ्या.

सायली_ठाणे

मी थोडं वेगळं सांगते. आम्ही पॅरिसमध्ये ग्रुप क्लास केला होता, आठ जण होतो, बाजारफेरी आणि जेवण धरून अर्धा दिवस, आणि मला तो खूप म्हणजे खूप आवडला. वेगवेगळ्या देशांचे लोक, सगळे इंग्लिशमध्ये बोलत होते, कोणी कांदा चिरतंय कोणी सॉस ढवळतंय आणि जेवताना दोन तास गप्पा. प्रायव्हेटमध्ये ही मजा नाही. पैशाचंही बघा, ग्रुपला पॅरिसमध्ये माणशी साधारण शंभर ते दोनशे युरो पडतात, प्रायव्हेट त्याच्या बराच वर जातो. शिवाय मोठ्या शाळांचे छोटे क्लास असतात, ल कॉर्दों ब्लू तर १८९५ पासूनची शाळा आहे, तिथेही काही तासांच्या, एका दिवसाच्या वर्कशॉप असतात, नाव मोठं, सगळं शिस्तीत.

फक्त एक, ग्रुपमध्ये मेनू आधीच ठरलेला असतो. मी नॉनव्हेज खाते म्हणून मला अडचण आली नाही, पण आमच्यात एक शाकाहारी मुलगी होती तिला मुख्य पदार्थाच्या वेळी बाजूला वेगळी भाजी परतून दिली, म्हणजे तिचं शिकायचं राहिलंच. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत हे होऊ नये असं मनापासून वाटतं, तेव्हा त्या हिशोबाने प्रायव्हेटच बरा असेल कदाचित.

आणि हो, पॅरिसला केलात तर जिना विचारून घ्या. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, असली तर दोन माणसांची. त्यांचा तिसरा मजला म्हणजे तळमजला सोडून वर तीन, आणि लाकडी गोल जिना. सत्तरीच्या माणसाला सकाळी बाजार फिरून आल्यावर तो जिना चढून मग उभ्याने स्वयंपाक, फार होतं. खुर्ची किंवा उंच स्टूल मिळेल का हेही विचारा.

गौरी_नाशिक

बाप रे किती छान माहिती, दोघांनाही खूप धन्यवाद. जिन्याचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं. रेनेटचं ऐकून त्या म्हणाल्या चीज नकोच मग, दूध-लोणी-साय पुरे. सोक्यावर मात्र एकदम खूश. नीसचं जवळजवळ नक्की करतोय.

पण एक सांगा, नुसतं ऑलिव्ह ऑईलवरचंच शिकलो तर ते लोणी, साय, सॉस वगैरे जे 'फ्रेंच' म्हणून आपल्या डोक्यात असतं ते राहूनच जाईल का? अर्धा दिवस आहे, त्यात काय काय मागावं?

मेघना_ओव्हन

अगं गौरी, थांब, मी लिहिते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. पुण्यात माझं छोटं बेकिंगचं काम आहे आणि मी फ्रान्समध्ये थोडे महिने शिकून आलेय, पेस्ट्रीच मुख्य पण स्वयंपाकही.

पदार्थ मागू नकोस, हात मागून घे. म्हणजे 'आम्हाला हे चार पदार्थ शिकवा' असं न म्हणता 'आम्हाला लोण्याचं एक काम, सॉसचं एक काम आणि पिठाचं एक काम शिकवा, अंड्याशिवाय' असं सांग. पदार्थाची कृती काय, कुठेही मिळते. बाजूला उभं राहून कोणीतरी 'आत्ता, आत्ता काढ' म्हणतं ना, ते कुठे लिहिलेलं मिळत नाही आणि प्रायव्हेट क्लासचे पैसे त्यासाठी द्यायचे असतात.

लोण्याचं काम म्हणजे बर न्वाझेत, ब्राऊन बटर. बिनमिठाचं लोणी उजळ तळाच्या पातेल्यात घालायचं, काळ्या नॉनस्टिकमध्ये नाही कारण रंग दिसला पाहिजे. आधी ते वितळतं, मग तडतडतं, लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं ते उडत असतं तोपर्यंत आवाज चालू. मग आवाज हळूहळू कमी होतो, वर बारीक पांढरा फेस येतो, आणि तो चमच्याने बाजूला सारला की खाली दुधाचे कण आधी पिवळट मग बदामी होताना दिसतात. वास पूर्ण बदलतो, भाजलेल्या हेझलनटसारखा. त्या क्षणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं किंवा लिंबू पिळायचं, नाहीतर अर्ध्या मिनिटात काळं. तुझ्या सासूबाईंनी आयुष्यभर तूप कढवलंय, हा आवाज त्यांच्या कानाला पाठ असणार, फक्त आपण बेरी खाली ठेवून तूप गाळून घेतो आणि ते बेरीसकट वापरतात. हे लोणी उकडलेल्या अ‍ॅस्परॅगसवर लिंबाबरोबर, बास, याच्याइतकं फ्रेंच दुसरं काही नाही आणि यात अंडंही नाही चीजही नाही. आणि सीझनही तुम्ही जाताय तेव्हाचा, जूनच्या मध्यापर्यंत मिळतो अ‍ॅस्परॅगस.

सॉसमध्ये हॉलंडेज, मेयो सगळे अंड्याचे, ते सोड. बेशामेल घे. सोपा वाटतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात पण नीट शिकून घे. अर्ध्या लिटर दुधाला ३५-४० ग्राम लोणी आणि तेवढाच मैदा वजनाने, चमच्याने नाही. मैदा लोण्यात भाजायचा पण रंग येऊ द्यायचा नाही, कच्चा वास गेला की थांबायचं, मग त्या गरम रूमध्ये, म्हणजे लोणी-मैद्याच्या मिश्रणात, गार दूध घालून विस्कने सतत फिरवायचं, आणि उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी थोडा वेळ ठेवायचं, नाहीतर जिभेला पिठूळ लागतो. जायफळ आपल्यासारखं गोडात नाही, यात किसून घालतात.

पिठाचं काम म्हणजे पात ब्रिझे. २०० ग्राम मैदा, १०० ग्राम गार लोणी, चिमूट मीठ, साधारण ५० मिली गार पाणी. अंडं लागत नाही, काही जण घालतात, तू नको म्हणून सांग. लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहाताने नाही कारण तळहात गरम असतो, वाळूसारखं झालं की पाणी घालून गोळा, आणि मग तळव्याच्या टाचेने ओट्यावर एकदाच पुढे ढकलून पसरवायचं म्हणजे लोण्याचे उरलेले तुकडे मिसळतात. मळायचं नाही अजिबात. हे 'मळायचं नाही' आपल्या हातांना फार कठीण जातं, कणीक तिंबायची सवय असते ना. तिथे ती बाई हात धरून दाखवेल. त्यावर जूनमधल्या चेरी किंवा आंबटगोड जर्दाळू लावून टार्ट करा, गोडाचं काम झालं.

आणि वेळ उरला तर ग्रातां दोफिन्वा. पातळ बटाट्याच्या चकत्या, दूध, साय, लसूण, जायफळ. जुन्या पद्धतीत चीजही नाही अंडंही नाही. गंमत एकच, चकत्या चिरल्यावर धुवायच्या नाहीत, त्या स्टार्चनेच ते दूध दाट होतं. १६० डिग्रीला तासभर तरी, घाई नाही. तिथे ओव्हनवर कधी कधी डिग्रीऐवजी आकडे असतात, ६ म्हणजे १८०, एका आकड्याला ३० धर.

घरी आल्यावरचं आत्ताच सांगते. आपल्याकडचं टेट्रापॅकचं क्रीम साधारण २५ टक्के फॅटचं असतं, तिथलं ३० किंवा जास्त, म्हणून ग्रातांला त्यात घरची साय फेटून मिसळ. केकवर लावायचं गोड व्हिपिंग क्रीम चुकूनही नको, ते वनस्पती तुपाचं असतं. आणि नाशिकच्या मे महिन्यात ब्रिझे करणार असशील तर मैदासुद्धा फ्रीजमध्ये ठेवून गार कर.

दिनेश_का

मेघनाताईंचं तांत्रिक सगळं बरोबर आहे, माझा विरोध नाही. पण लिऑंला इतक्या पटकन बाद करू नका असं मला वाटतं. लिऑंचं नाव झालं ते तिथल्या बायकांमुळे, त्यांना 'मेर' म्हणजे आई म्हणायचे, श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बायका, पुढे त्यांनी स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यातल्या एजेनी ब्राझिए यांना १९३३ मध्ये दोन रेस्टॉरंटसाठी प्रत्येकी तीन मिशेलिन स्टार मिळाले, आणि पॉल बोक्यूज त्यांच्याच हाताखाली शिकले, ज्यांचं नाव आज तिथल्या मोठ्या बंदिस्त बाजाराला आहे. सासूबाईंसारख्या स्वयंपाकात आयुष्य घातलेल्या बाईला हे ठिकाण बघून काय वाटेल याचा विचार करा. पॅरिसहून टीजीव्हीने दोनच तास आहे, नीसला जाताना वाटेत एक मुक्काम टाकता येईल. क्लास नीसलाच करा, पण तो बाजार आणि सोन नदीच्या काठचा सकाळचा भाजीबाजार बघा.

आणि एक विनंती, मुलगी सगळं खाते म्हणताय तर तिला तिचंही काही शिकू द्या. फ्रेंच ऑम्लेट, ज्याला बाहेरून अजिबात डाग पडू देत नाहीत आणि आतून ओलसर ठेवतात, ते शेफच्या शेजारी उभं राहून शिकायची गोष्ट आहे. तवा, चमचे वेगळे ठेवायला सांगितलं की झालं, सासूबाईंचं आधी उरकून मग ऑम्लेट.

तुलूजवासी

दिनेशरावांशी सहमत, लिऑंचा मुक्काम चांगली कल्पना आहे, तिकीट मोडून काढलं तरी फार फरक पडत नाही. आणि नीसला जाताय तर जवळच विलन्यव-लूबे म्हणून गाव आहे, ऑग्युस्त एस्कोफिये तिथे १८४६ मध्ये जन्मले, ज्यांनी फ्रेंच सॉसेसची आजची मांडणी केली, त्यांच्या घराचं म्युझियम केलंय. अर्धा दिवस हाताशी असेल तर जाऊन या.

गौरीताई, पैशाचं राहिलं होतं. प्रायव्हेटला बहुतेक जण माणशी भाव न लावता क्लासची ठराविक रक्कम सांगतात आणि डोकी वाढली की थोडी वाढवतात, त्यामुळे दोघांपेक्षा चौघांना ते परवडतं. चौघांचे मिळून काही शे युरो धरूनच चला. त्यात बाजारातली खरेदी धरली आहे का, वाईन धरली आहे का (नको असेल तर आधीच सांगा, कमी करतात), क्लास रद्द झाला तर काय, हे सगळं लेखी घ्या. इथे अंदाजपत्रक मागणं अगदी नेहमीचं आहे, त्याला 'द्व्ही' म्हणतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. धंदा नोंदवलेला असला की त्या कागदावर १४ आकडी सिरेट नंबर असतो, तो बघा. टीप सक्तीची नसते, आवडलं तर द्या.

भाषेची काळजी करू नका, टुरिस्टांना शिकवणारे बहुतेक इंग्लिश बोलतात. तरी पहिला मेसेज फ्रेंचमध्ये ट्रान्सलेट करून पाठवा, खाली इंग्लिश. सुरुवात 'बोंजूर' ने करा, दुकानात शिरतानासुद्धा, बाजारात भाजीला हात लावायच्या आधीसुद्धा, आणि भाजी स्वतः निवडू नका, विक्रेत्याला 'आज दुपारसाठी हवंय' असं सांगा, तो तसं पिकलेलं काढून देतो.

मेसेज साधारण असा लिहा: आम्ही चार जण, अमुक तारीख, सकाळी बाजार आणि नंतर क्लास व जेवण. एक व्यक्ती मांस, मासे, अंडी, जिलेटिन, चीज यातलं काही खात नाही, मांसाचा किंवा माशाचा स्टॉकही नाही, अँचोव्ही नाही. दूध, लोणी, साय चालते. सर्वांसाठी तेच जेवण हवं आहे, तिच्यासाठी वेगळं नको. एक ज्येष्ठ व्यक्ती आहे, त्यामुळे कितवा मजला, लिफ्ट आहे का, बसायला उंच स्टूल आहे का. आणि मेघनाताईंनी सांगितलेलं, आम्हाला लोणी, सॉस आणि पीठ यांचं तंत्र शिकायचं आहे, पदार्थ तुम्ही बाजार बघून ठरवा. 'सर्वांसाठी तेच जेवण' हे वाक्य गाळू नका, सायलीताईंनी सांगितलं तसं बाजूला वेगळी भाजी परतून देणं त्यानेच टळतं.

मे-जूनमध्ये इथे सुट्ट्या फार येतात, त्यातला पेंटेकॉस्टचा सोमवार तुमच्या तारखांच्या आसपास येतोय का ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या.

सायली_ठाणे

आषाढी एकादशीच्या आधी परत येताय ना? चातुर्मास लागला की कांदा-लसूण-वांगं सगळंच बंद, मग फ्रेंच काय शिजवणार. माझ्या आईचं असतं म्हणून विचारलं.

गौरी_नाशिक

हो हो, त्याच्या बरंच आधी परत. सासूबाईंचाही चातुर्मास असतो, म्हणून तर मे-जून धरलाय.

तुलूजवासी, तुमचा मेसेज तसाच्या तसा ट्रान्सलेट करून तीन जणांना पाठवला. दोघांची उत्तरं आली. एकांनी लिहिलंय की अंड्याशिवाय डेझर्ट 'कठीण' आहे, फळं कापून देऊ. दुसऱ्या बाईंचं उत्तर मात्र वाचून मला भरूनच आलं. त्यांनी लिहिलंय की त्यांची आजी आठवड्यातले बरेच दिवस मांसाशिवायच रांधायची, सोका आणि फुलांची भजी सासूबाईंकडूनच करून घेईन, आर्टिचोक कच्चे, अ‍ॅस्परॅगसवर बर न्वाझेत, जर्दाळूचं टार्ट ब्रिझेवर. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही पण जिना रुंद आणि मधे बसायला जागा आहे म्हणे. आणि त्यांनी उलट विचारलंय की तुम्ही तुमच्याकडचा एखादा मसाला आणाल का, मला वास घ्यायचाय. सासूबाई लगेच गोडा मसाला भाजायच्या गोष्टी करायला लागल्या, त्यांना त्या बाईंसाठी घरचं साजूक तूपही न्यायचंय. बुकिंग करते आज.

मेघना_ओव्हन

मस्तच गं, किती छान बाई मिळाल्या. गोडा मसाला बिनधास्त ने, कोरडा, नीट सीलबंद करून. तूप मात्र नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, तूपही त्यातच येतं, विमानतळावर काढून घेतील आणि सासूबाईंना वाईट वाटेल. त्याऐवजी क्लासमध्येच सासूबाईंना तिथलं बिनमिठाचं लोणी कढवून तूप करून दाखवायला सांग, बर न्वाझेतच्या शेजारच्या शेगडीवर. आणि येताना तिथली छोटी सुरी घेतलीस तर ती चेक-इन बॅगेत टाक, केबिन बॅगेत नाही.